बाहेरगावी, अकरा दिवस

आमचे जावई कधी कुणाला काही विचारत नाहीत. हातात ती काचेची सरकारी पाटी आली त्याला सहा वर्षं झाली, तेव्हापासून लोकेशरावांनी मला "मामी, बऱ्या आहात ना" असं एकदाही विचारलेलं नाही. दारात चपला काढतात, हातातल्या पाटीवर बोट फिरवतात आणि मलाच सांगतात, "मामी, काल तुम्ही तीनदा उठलात. पाणी कमी पडतंय तुम्हाला." मी किती वेळा उठले ते मला ठाऊक आहे, माझ्या गुडघ्यांना ठाऊक आहे. ते जावयानं येऊन मला सांगण्यात काय मोठेपण? माणसाला विचारलं की ते थोडं लपवतं, थोडं वाढवून सांगतं, आणि तेवढ्यात त्याला बरं वाटून जातं. हे त्यांना कोण शिकवणार? त्यांचं शिक्षण फार झालंय.

मी कोकिळाबाई भिरूड. भुसावळच्या विहीर गल्लीत सून म्हणून आले त्याला पन्नास वर्षं झाली. शाळा तिसरीपर्यंत. पण या गल्लीत बारशाला कुणाला बोलवायचं, कुणाची सून माहेरी जास्त राहिली, कुणाच्या घरी काय पोचवायचं, हे माझ्याशिवाय ठरत नाही. हे सांगायला मला लाज वाटत नाही. कुणीतरी ठरवावं लागतं, आणि बाकीच्यांना ते जमत नाही.

लोकेशराव याच गल्लीतले, पाचव्या घरातल्या इंदूताई वारक्यांचे थोरले. माझी हर्षदा त्यांना दिली. पोर या दारातून त्या दारात गेली आणि वर्षाच्या आत पुण्याला. लोकेशराव तिथे गणना मंडळात मोठे अधिकारी आहेत. देशात किती माणसं आहेत, किती जन्मली, किती गेली, हे रोज सकाळी छापून येतं, ते त्यांच्या हाताखालून.

पूर्वी असं नव्हतं. मला आठवतं, शिरगणतीला शाळेतल्या बाई यायच्या. खांद्याला पिशवी, पायात धुळीनं भरलेल्या चपला. घरात किती माणसं, नळ आहे का, संडास आहे का, टीव्ही आहे का. कुटुंबप्रमुख कोण विचारलं तेव्हा मी माझं नाव सांगितलं होतं. आमचे हे आतून खोकले, पण बाहेर आले नाहीत. बाईंनी मुकाट लिहून घेतलं, चहा घेतला आणि जाताना म्हणाल्या, "आज पहिल्यांदा कुणी खरं सांगितलं."

मग ती पद्धत बंद झाली आणि कानोसा आला. सरकारी नाव दुसरंच काहीतरी लांबलचक आहे. गल्लीत सगळे कानोसाच म्हणतात. मीटरशेजारी भिंतीवर बसवलेली तळहाताएवढी डबी. बसवली त्या उन्हाळ्यात लोकेशराव आमच्याकडे रसाला आले होते. ताटावर मी त्यांना गाठलं.

"ही डबी आमचं बोलणं ऐकते का?"

"नाही मामी. ना ऐकते, ना बघते. ती फक्त घराची हालचाल मोजते. बघा, विजेवर चालणाऱ्या प्रत्येक वस्तूची ओढ वेगळी असते. तुमचा मिक्सर, तुमचा पंखा, मोटर, प्रत्येकाची सही म्हणा. पाणी किती वेळा सुटलं, गॅस किती वेळ पेटला, तेही कळतं. आणि माणूस श्वास सोडतं त्यानं खोलीतली हवा बदलते. किती बदलली त्यावरून आत किती जण आहेत ते कळतं. हे सगळं एकत्र केलं की घरात कोण आहे, कोण नाही, कोण आजारी आहे, कोण कायमचं गेलं, ते यंत्र काढतं. मृत्यूचा दाखलासुद्धा आपोआप फोनवर येतो. नगरपालिकेच्या खिडकीवर आता उभं राहायला नको."

"आणि कशाला एवढा खटाटोप?"

तेव्हा त्यांनी मला यादीचं सांगितलं. जगात दोनशे देश आहेत. कोणता देश आपली माणसं किती नीट मोजतो, आणि मोजलेलं किती लवकर आणि किती उघडपणे छापतो, याला दरवर्षी जुलैत गुण देतात. परीक्षक सगळ्या देशांनी मिळून नेमलेले. गुण चांगले असले की बाहेरचे लोक त्या देशाच्या शब्दावर भरवसा ठेवतात. आपण तेव्हा एकशे सातवे होतो.

"पहिले कोण?"

"थंडीतले छोटे देश. त्यांच्याकडे जन्मल्यापासूनची नोंद. घर बदललं तर आठवड्यात जाऊन कळवतात. आपली दीडशे कोटी माणसं, मामी. प्रत्येकाला विचारत कोण फिरणार? आणि विचारलं तरी खरं कोण सांगणार? म्हणून आम्ही विचारणंच बंद केलं. त्यांच्या तक्त्यात अजून कितीतरी चौकोन रिकामे असतात. तिथे सरळ लिहितात, माहीत नाही. आपल्या तक्त्यात एकही चौकोन रिकामा नसतो."

"म्हणजे आपल्याला सगळं माहीत असतं?"

"माहीत नसलेलं यंत्र भरतं. आजूबाजूची शंभर घरं बघून एकशे एकाव्यात काय असेल ते ठरवतं. शंभरातल्या सत्त्याण्णव वेळा बरोबर निघतं."

मी त्यांच्या वाटीत अजून रस घातला. म्हटलं, "गच्चीवर ज्वारीच्या पाचशे बिबड्या वाळत घातल्या आणि एक वाऱ्यानं उडाली, तर तिथे गोल डाग राहतो. शेजारच्या बघून ती केवढी होती ते मलाही सांगता येईल. पण ती तळता येत नाही, लोकेशराव."

ते मनापासून हसले. "मामी, तुम्हाला परिषदेला न्यायला पाहिजे."

नेलं नाही. पण तिसऱ्या वर्षी आपण एकविसावे झालो आणि पाचव्या वर्षी चौथे. इंदूताईंनी गल्लीत पेढे वाटले. माझ्या दारात आल्या तेव्हा म्हणाल्या, "माय कोकिळाताई, तुमचा जावई देशाला चौथा घेऊन आला."

"पोरगा तुमचा आणि पेढे माझ्या ओळखीच्या दुकानातले," मी म्हटलं. "बसा, चहा घ्या."

आमचं असंच चालायचं. तीस वर्षं शेजार आणि त्यातली अठरा विहिणी. भांडलो नाही असा आठवडा गेला नसेल.

आता या वर्षाचं सांगते.

भुसावळचं ऊन आम्हाला नवीन नाही. पण या चैत्रात पारा एकोणपन्नासला टेकला आणि खाली यायचं नाव घेईना. भिंतीला हात लावला तर संध्याकाळीही चटका. आमच्या प्रभागात बंद पडलेल्या टॉकीजमध्ये सरकारचं थंडघर होतं. पडद्याच्या जागी मोठी शीतयंत्रं, खुर्च्या काढून दीडशे खाटा. दुपारी बारा ते सहा म्हाताऱ्यांनी तिथे पडून राहायचं. माझी खाट आणि इंदूताईंची खाट शेजारी. त्यांच्या घराला वर पत्रा, आणि छातीचं दुखणं जुनं. लोकेशराव पुण्याला चला म्हणायचे, त्या जायच्या नाहीत. "तिथे फ्लॅटात मी कुणाशी भांडू?" असं मला म्हणायच्या, आणि पोराला सांगायच्या की भूषणच्या पोरीची शाळा आहे. भूषण म्हणजे त्यांचा धाकटा; तो, त्याची बायको आणि ती पोर त्यांच्याजवळ राहायची.

थंडघरं थोडी आणि प्रभाग फार. म्हणून नियम असा की जिथे उन्हानं माणसं दगावतात तिथे ते चालू ठेवायचं, आणि जिथे महिनाभर शून्य तिथलं यंत्र काढून दुसरीकडे न्यायचं. शून्य कुठे, हे कानोसा सांगणार.

दहा मेला आम्ही बाराच्या ठोक्याला पोचलो तर दाराला कुलूप. वर कागद. भागीरथी ढाके चष्मा पुसून मोठ्यानं वाचायला लागली, "या प्रभागात उष्णतेने झालेले मृत्यू, शून्य. अभिनंदन."

भागीरथी माझ्या भिंतीला भिंत लावून एकटी राहायची. वय ब्याऐंशी. तिनं कागद दोनदा वाचला आणि मला विचारलं, "कोकिळा, तू कुणासाठी स्वयंपाक करत होतीस मग?"

ती काय म्हणत होती ते सांगायला हवं. आमच्याकडे ज्या घरात माणूस जातं तिथे चूल पेटत नाही. शेजारचे, नात्यातले पिठलं-भाकरी नेऊन देतात. त्याला कडू घास म्हणतात. बाकी गल्ल्यांमध्ये हे आता एका दिवसावर आलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे कुकरची शिट्टी ऐकू येते. विहीर गल्लीत नाही. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हापासून मी नियम घातला: दहा दिवस त्या घरानं काडी ओढायची नाही. दोन्ही वेळचं माझ्या घरून जाईल. बाया पाळीनं येतात, माझ्या ओट्यावर थापतात, डबे जातात. बाहेरच्या गल्लीतल्या बाया म्हणतात, मरावं तर विहीर गल्लीत. हे ऐकून मला बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू.

तर त्या चैत्र-वैशाखात माझ्या घरून आठ घरांत कडू घास गेला होता. आठ. नावं मला पाठ आहेत. त्यातले सहा जण दुपारी पत्र्याखाली निजले ते उठलेच नाहीत. आणि दारावर शून्याचं अभिनंदन.

लोकेशराव आणि हर्षदा त्याच आठवड्यात रसाला आले. मी वाटी पुढे सरकवली नाही. म्हटलं, "आधी हे सांगा. शेजारच्या प्रभागात सहा गेले, तिथलं थंडघर चालू आहे. आमच्या एका गल्लीत आठ गेले आणि आम्ही शून्य. हे कुठलं गणित?"

"असं होणार नाही, मामी. कुणाचा दाखला आला का?"

"एकाचाही नाही. हरकतीचा अर्ज करा असं फोन सांगतो. अर्ज केले. निकाल तीन महिन्यांनी."

त्यांनी पाटी काढली. आमच्या गल्लीचा नकाशा आला. एकेक घर म्हणजे एकेक चौकोन. मी आठ घरं बोटानं दाखवली. प्रत्येकावर त्यांनी टिचकी मारली आणि प्रत्येकात एकच ओळ निघाली: बाहेरगावी, अकरा दिवस. बाहेरगावी, दहा दिवस. बाहेरगावी, अकरा दिवस.

"चूल बंद, पाणी कमी, मिक्सर नाही," लोकेशराव हळूहळू बोलत होते, माझ्याशी नाही, पाटीशी. "एप्रिल-मे. सुट्टीच्या दिवसांत घर असं शांत झालं म्हणजे माणसं गावाला गेली, हे यंत्र लाखो घरं बघून शिकलंय. माणसं बाहेर मांडवात बसतात, आत श्वास थोडे... आणि दहन नदीवर लाकडावर. तिथे मीटर नाही."

"मग परत आल्यावर एक माणूस कमी होतं ते कळत नाही?"

"कळतं. तेव्हा ते लिहितं, गावीच राहिले."

हर्षदानं माझ्या घराच्या चौकोनावर बोट ठेवलं. "आई, हे बघ." माझ्या घरात लिहिलं होतं: पाहुणे, सहा. पाहुणे, नऊ. पाहुणे, सात. ज्या दिवशी मी जितक्या माणसांचं रांधलं, तितके पाहुणे. एकाही दिवसाचा आकडा चुकला नव्हता.

मी तिथेच पाटावर बसले. शेजारच्या प्रभागात दुसऱ्या दिवशी चूल पेटते, घर रोजच्यासारखं चालू आणि एक श्वास कमी, म्हणून त्यांची माणसं मेलेली धरली जातात. आमची नाहीत, कारण कोकिळाबाईंचा नियम कडक. यंत्राला मी माझ्या हातानं भाकरी थापून फसवलं होतं, आणि त्या भाकरीचं कौतुक मी कान देऊन ऐकत होते.

लोकेशरावांना माझ्याआधी कळलं होतं. त्यांचा चेहरा असा झाला होता जसा पेपर देऊन झाल्यावर चूक कळलेल्या पोराचा होतो. ते म्हणाले, "मामी, हे फक्त तुमच्या गल्लीचं नसेल."

"मग उद्याच दुरुस्त करा."

त्यांनी पाटी मांडीवर उलटी ठेवली. "जुलैत परीक्षक येतायत. छापलेला आकडा आपण मागे घेतला की गुण जातात. आणि एक गल्ली उघडली की सहा वर्षांची मालिका उघडावी लागेल, सगळ्या देशाची. जिथे जिथे अशी रीत असेल तिथली. आपण चौथ्यावरून कुठे जाऊ, सांगता येत नाही. जुलैनंतर मी स्वतः हे पुढे मांडीन. शब्द देतो."

"जुलैत पाऊस आलेला असेल, लोकेशराव."

"म्हणूनच म्हणतो, घाई नाही." हे बोलल्यावर त्यांना आपण काय बोललो ते कळलं असावं. ते उठून हात धुवायला गेले. रस तसाच राहिला.

मी इंदूताईंना सगळं सांगितलं. त्या ओली साडी अंगावर घेऊन स्वयंपाकघराच्या फरशीवर आडव्या होत्या. पंख्यातून भट्टीची हवा येत होती.

"माझा पोरगा देशाचं बघतो," त्या म्हणाल्या. "तुम्ही गल्लीचं बघा."

"तुमचा पोरगा देशाचं बघतो आणि तुम्ही फरशीवर लोळताय."

"फरशी गार आहे. तुम्हीपण या."

मी त्यांच्या शेजारी पडले. दोन म्हाताऱ्या, डोक्याशी पाण्याची घागर. फरशी गार नव्हती. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "तो जुलैनंतर म्हणाला ना? तो शब्दाचा पक्का आहे. लहानपणी मार खाईल पण खोटं बोलायचा नाही."

दोन जूनला दुपारी चार वाजता भूषणची बायको माझ्या दारात आली. तिनं माझा हात धरून मला ओढत नेलं. इंदूताई त्याच फरशीवर, त्याच ओल्या साडीत होत्या. साडी वाळून कडकडीत झाली होती.

लोकेशराव संध्याकाळी पोचले. आईच्या पायाशी बसले आणि तिची पावलं हातात धरून राहिले. मी त्यांना असं रडताना कधी पाहिलं नव्हतं. त्या वेळी माझ्या मनात त्यांच्याबद्दल काही वाकडं आलं नाही, हे मुद्दाम सांगते. थोरला म्हणून तापीकाठी त्यांनीच अग्नी दिला.

पुरुष नदीवरून परतायच्या आत बाया माझ्या ओट्यावर जमल्या होत्या, पिठाचा डबा उघडलेला. भागीरथीनं परात घेतली.

"ठेव ती," मी म्हटलं. "आज भाकरी इथून जाणार नाही."

"म्हणजे?"

"इंदूताईंच्या घरी चूल पेटेल. आत्ता."

भागीरथी म्हणाली, "कोकिळा, माझा नवरा गेला तेव्हा मी तिसऱ्या दिवशी नातवाला दूध गरम केलं, तर तू मला चार बायांसमोर बोलली होतीस."

"बोलले होते. तो नियम माझा होता. तो मीच मोडते."

मी इंदूताईंच्या स्वयंपाकघरात गेले. भूषणच्या बायकोला म्हटलं, "रोज करतेस तसं सगळं कर. कुकर लाव, मिक्सर फिरव, पोरीची आंघोळ वेळेवर. फक्त सासूच्या खोलीतला पंखा लावू नकोस." तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला माझे हात कुठे ठेवावे ते कळेना. तिला सगळं समजावून सांगितलं, तेव्हा तिनं डोळे पुसले आणि तांदूळ धुवायला घेतले. दारावर बसायला, म्हणजे सांत्वनाला, येणाऱ्या बाया मी माझ्या घरी वळवल्या. त्या घरात घरचे तिघं आणि पुण्याहून आलेले दोघं, बाकी कुणी नाही. पुण्याच्या दोघांना यंत्र वेगळं काढतं, हे लोकेशरावांनीच मला कधीतरी सांगितलं होतं. तूरडाळीला फोडणी दिली तेव्हा मांडवातले पुरुष वळून बघायला लागले. लोकेशरावही वळले. त्यांनी मला दारातून पाहिलं, गॅसकडे पाहिलं, भिंतीवरच्या डबीकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भूषणच्या फोनवर दाखला आला. इंदुमती वारके, मृत्यू, संभाव्य कारण उष्णता. चौकातल्या फलकावर विहीर गल्लीसमोर शून्याचा एक झाला आणि खाली बारीक अक्षरं आली: मागील साठ दिवसांची फेरतपासणी प्रस्तावित. हर्षदानं मला त्याचा अर्थ सांगितला. महिनोन्‌महिने शून्य असलेल्या गल्लीत अचानक एक आला, म्हणून यंत्राला स्वतःचाच संशय आला होता. मंडळातून एक सही झाली की ते आठही घरं पुन्हा तपासणार. आठ सापडले की थंडघर दुसऱ्या दिवशी चालू.

भागीरथीनं चादर, तांब्या आणि औषधाची डबी पिशवीत भरून दाराशी ठेवली. रोज अकराला ती टॉकीजपर्यंत जायची आणि कुलूप बघून यायची. मी रागवायचे. ती म्हणायची, "आज उघडलं असतं तर खिडकीजवळची खाट गेली असती."

सातव्या दिवशी ती टॉकीजच्या पायरीवर सापडली. पिशवी मांडीवर होती.

तिच्या घरी चूल पेटवायला कुणी नव्हतं, न पेटवायलाही कुणी नव्हतं. यंत्रानं त्या घरापुढे काय लिहिलं ते मी बघायला गेले नाही.

नवव्या दिवशी फलकावर पुन्हा शून्य आलं. फेरतपासणीची ओळ गेली. भूषणच्या फोनवरचा दाखला उघडेना; तिथे लिहिलं होतं, नोंद मागे घेतली आहे. मी हर्षदाला म्हटलं, तुझ्या नवऱ्याला विचार. ती म्हणाली, "आई, मी विचारलं. तूच विचार."

दहाव्याला लोकेशराव नदीवरून आले. डोकं भादरलेलं, अंगावर उपरणं. मांडवात गल्लीतले आणि नात्यातले पुरुष बसले होते. बाया त्या बाजूला जात नाहीत. मी गेले आणि त्यांच्यासमोर सतरंजीवर बसले.

"सही कुणाची लागणार होती?"

"माझी."

"मग?"

"मी नामंजूर केली." ते खाली बघत होते, पण आवाज साफ होता. "मामी, मंडळाचा नियम आहे. लोक यंत्राला दाखवण्यासाठी वागले तर तो आकडा धरायचा नाही. तुम्ही चूल मुद्दाम पेटवली. मी समोर बसून पाहिलं. मी पाहिलं नाही असं कसं लिहू? उद्या प्रत्येक गल्ली थंडघरासाठी असंच करेल, मग कुठल्याच आकड्याला अर्थ राहणार नाही."

"चूल मी मुद्दाम पेटवली. तुमची आई मुद्दाम मेली का?"

"मी तसं म्हणत नाहीये."

"मग ते आठ?"

"जुलैनंतर."

"भागीरथी?"

ते सतरंजीची दुमडलेली कड सरळ करायला लागले.

"बरं. इंदूताईंचं सध्या काय लिहिलंय?"

भूषण मान वर करून भावाकडे बघत होता. लोकेशरावांनी उपरण्याच्या टोकानं कपाळ पुसलं. "नोंद मागे घेतली की घरात न दिसणाऱ्या माणसाचा चौकोन यंत्र स्वतः भरतं," ते म्हणाले. "सध्या बाहेरगावी दाखवतंय."

माझ्या मनात त्या दहा दिवसांत बरंच काही साठलं होतं. त्यातलं काहीच आठवलं नाही. माझा आवाजही चढला नाही. मांडवातल्या सगळ्यांना ऐकू गेलं ते मांडवात कुणी बोलत नव्हतं म्हणून.

"लोकेशराव, ते उपरणं काढा आणि आत जाऊन शर्ट घाला. गावाला गेलेल्या बाईसाठी कुणी डोकं भादरत नाही. तापीवर लाकडं तुम्ही रचलीत, अग्नी तुम्ही दिलात, आणि त्याच हातानं लिहिलंत की आई बाहेरगावी आहे. तुम्ही खोटं बोलत नाही, असं तुमची आई मला सांगून गेली. मग तुमचं लिहिलेलंच खरं धरू. तेराव्याच्या आचाऱ्याला मी नको म्हणून कळवते. ही सतरंजी आत्ता उचलली जाईल आणि ही माणसं आपापल्या घरी जातील. हर्षदा माझ्याकडे राहील. तुम्ही इथे राहा, दार उघडं ठेवा, आई परत येईल तेव्हा मला हाक मारा. तोवर या गल्लीतलं कुणी तुमच्या दारावर बसायला येणार नाही. तुमच्या घरात कुणी मेलेलं नाही."